मोठीच्या मोज्यात काय घालू

प्रिय धाकट्या,

तुझा वकील चार दिवसांपूर्वी दुकानात येऊन गेला. बसायला खुर्ची दिली तर आधी रुमालाने पुसली. सोफे शिवणाऱ्या बाईच्या खुर्चीवर धूळ असणारच, हे त्याने बाहेरूनच ठरवलं असावं. बसल्यावर तुझा निरोप सांगितला. नाताळच्या सकाळी तुला तासभर माझ्या घरी यायचंय. बायकोसकट माझ्याकडे आश्रयाला आलेली तुझी पोरं मोजे उघडतील तेव्हा समोर बसायचंय, आणि तू आणलेल्या वस्तूच त्या मोज्यांत असायला हव्यात. मी हो म्हटलं तर तुझ्यावर हातोडा चालवल्याची तक्रार तू मागे घेशील. नाही म्हटलं तर कोर्टात भेटू. वा रे पठ्ठ्या! डोक्याला टाके, खांद्याचं हाड मोडलेलं, दवाखान्याच्या खाटेवर आडवा, आणि सौदा करायची खोड काही गेली नाही.

मी त्याला उत्तर दिलं नाही. भावालाच लिहिते म्हटलं. वकिलाच्या तोंडून आलेलं तू ऐकणार नाहीस, आणि माझं सांगणं एका शब्दात मावणारं नाही. तेव्हा पडल्या पडल्या वाच. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर सांभाळून घे. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

आधी तुझ्या वस्तूंचं बोलू. आपल्या घरचे मोजे कसे असतात ते तू साफ विसरलास का रे? बाजारातले लाल-पांढरे भलेमोठे मोजे आपण कधी टांगले नाहीत. ज्याचा त्याने पायातलाच मोजा टांगायचा, धुऊन, भोक असेल तर रफू करून. सकाळी लगेच हात घालायचा नाही. आधी बाहेरून चाचपायचं, आत काय आहे ते सांगायचं, चुकलं तर पुन्हा चाचपायचं, मगच बाहेर काढायचं. हा आपल्या बापाचा नियम. सोफ्यावर नुसता हात फिरवून आत काथ्या आहे की कापूस ते सांगणारा माणूस, पोरांनाही तेच शिकवायचा. म्हणून वस्तू अशी निवडावी लागते की मोज्यात मावेल, बोटांना कळेल, पण पटकन कळणार नाही. तू या खेळात फार तरबेज होतास. एका वर्षी भोवरा ओळखलास तेव्हा बापाने हसत हसत तुला खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं. संध्याकाळी त्याच भोवऱ्याने खिडकीची काच फुटली आणि त्याच बापाने तुला सोफ्याच्या पट्ट्याने सोलून काढलं. मी मध्ये पडले म्हणून दोन-चार मलाही बसले. रात्री पांघरुणात तू माझ्या दंडावरच्या वळांना फुंकर घालत होतास. तो धाकटा मला अजून आठवतो, आणि म्हणूनच या पत्रात वरती प्रिय लिहिलंय. नाहीतर काय लिहिलं असतं ते तुला माहीत आहे.

आणि तू काय आणलंस? चार वर्षांच्या बारक्याला पत्र्याची शिट्टी. नऊ वर्षांच्या मधल्याला टिकल्या फोडायचं पिस्तूल, जे त्याच्या मोज्यात सोड, माझ्या मोज्यातही मावायचं नाही. आणि मोठीला गुलाबी फुलपाखरांच्या केसपिना. अरे, चौदा वर्षांची झाली ती! केस कापून टाकले तिने, कानाच्या वर. का कापले ते तुला ठाऊक आहे, कारण त्या केसांना धरूनच तू तिला जिन्यावरून खाली ओढलं होतंस. त्या केसांसाठी पिना घेऊन आलास तू. दुकानात उभा राहून निवडल्या असशील, हौसेने, याचा मला जास्त राग येतो.

बारक्यासाठी काय घ्यायचं ते मला लगेच सुचलं. तुझं नाव निघालं की हा पोरगा उठतो. जातो, आपले बूट आणतो, उलटसुलट पायांत घालतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो. कोणी शिकवलं नाही त्याला. वकील गेल्यावर मी तुझ्या बायकोला निरोप सांगत होते, तर हा पुन्हा बूट घालून हजर. लपायला त्याला सोफ्याचा सांगाडा आवडतो, खालून पोकळ असतो ना, तिथे. आत अंधार असतो आणि अंधाराला तो भितो, पण बाहेरच्यापेक्षा कमी. म्हणून मी त्याच्यासाठी बोटाएवढी बॅटरी घेतली. चिमुकल्या मोज्यात बरोबर बसते. दुकानदारीण म्हणाली, अहो, या वयाच्या मुलांना वाजणारं काहीतरी द्या, खूश होतात. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे वाजण्याची कमी नाही.

त्या शिट्टीवरूनच तर सगळं पेटलं. तू त्या दिवशी भर दुपारी दुकानात आलास, दाढी करून, धुतलेला शर्ट घालून. प्यायलेला असतास तर मी दारातूनच हाकललं असतं. पण तू शुद्धीत होतास आणि हसत होतास, म्हणून मी गाफील राहिले. मोठी मागच्या खोलीत कापडाच्या घड्या घालत होती. तू पिशवीतून शिट्टी काढलीस आणि गंमत म्हणून बारक्याच्या कानाशी नेऊन जोरात फुंकलीस. तो सांगाड्यात घुसला. आधी तू हसलास. मग दोनदा बोलावलंस. तो येईना, तशी तुझ्या मानेची शीर फुगली. पाय धरून ओढायला गेलास तर तो चावला. तू सांगाड्याला लाथ घातलीस, खालची पट्टी मोडून त्याच्या पाठीत घुसली. तेव्हा मधला पुढे झाला. बाबा, मला द्या शिट्टी, मी वाजवतो, म्हणाला. तुला शांत करायला गेलं रे ते पोरगं! त्याच्या कानाखाली असा हात बसला तुझा की तो टेबलाच्या कडेवर आपटला. कानातून रक्त यायला लागलं. अजून त्या कानाने त्याला नीट ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणतात, पडदा भरायला वेळ लागेल.

मी तुझी कॉलर धरली. तू माझा उजवा हात टेबलावर दाबलास आणि कापड कापायच्या मोठ्या कात्रीची लोखंडी मूठ त्यावर आपटलीस, एकदा नाही, दोनदा. हाडाचा आवाज मी ऐकला. तूही ऐकला असशील. मग गळा धरून मला उघड्या स्प्रिंगांवर आडवी केलीस. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तुझा चेहरा दिसेनासा झाला. आपण एका ताटात जेवलो, एका अंथरुणात झोपलो, आणि तू माझा जीव घेतोयस, हे मला तेव्हा अगदी साधेपणाने कळलं. मग बारका आत रडला आणि तू मला टाकून तिकडे वळलास. वाकलास. मग हातोडा बसला आणि तू तोंडावर पडलास. पोलीस आला तेव्हा मी सांगितलं, मी मारला. त्याने माझ्या सुजलेल्या हाताकडे बघून विचारलं, कोणत्या हाताने? मी म्हटलं, डाव्या. त्याने तसंच लिहून घेतलं. त्या सोफ्याचा रक्ताने भिजलेला फोम फेकून द्यावा लागला. गिऱ्हाईक विचारतंय, उशीर का झाला.

मधल्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याला ते पिस्तूलच हवंय. मी फेकायला निघाले तर माझ्या कमरेला मिठी मारून रडला. बाबांनी आणलंय, बाबांनी आणलंय, एवढंच म्हणत राहिला. फुटलेल्या कानाला पट्टी, आणि मला विचारतो, आत्या, बाबांचा खांदा फार दुखत असेल का गं? काय सांगू त्याला? डोक्यात तिडीक गेली माझ्या, त्याच्यावर नाही, तुझ्यावर. एवढी माया तुझ्या वाट्याला आली आणि तू तिच्या कानाखाली वाजवलीस. पिस्तूल मी कपाटावर ठेवून दिलंय. त्याच्यासाठी लोहचुंबक घेतलं आहे, नालाच्या आकाराचं. सांडलेले बारीक खिळे वेचायचं काम त्याने आपणहून घेतलंय, एकेक खिळा गुडघ्यांवर बसून वेचतो. चुंबक मोज्यात चाचपलं की आधी त्याला नालच वाटेल. मग खिळ्याजवळ नेऊन बघेल. तो आनंद मला बघायचाय. तो म्हणतो, बाबांना येऊ दे.

तुझी बायकोही तेच म्हणते. ऐक आणि लाज वाटली तर वाटू दे. तिचा जबडा अजून तारेने बांधलेला आहे. नळीने पातळ पिते, बोलली तर निम्मे शब्द दातांत अडकतात. मी निरोप सांगितला तेव्हा तिने तोंडातली नळी बाजूला काढली. मग दातांतून म्हणाली, येऊ दे तासभर, पोरांचा सण आहे. ज्याने तोंड फोडलं त्याच्यासाठी ते तोंड उघडलं तिने. मी भांडले तिच्याशी. भांडीकुंडी आपटली. ती म्हणाली, ताई, तुम्हाला तुरुंगात टाकलं तर आम्ही कुठे जायचं? तुझा सौदा तिला माझ्याआधी कळला होता. ती तुला माफ करत नाही रे, ती मला वाचवायला बघतेय. म्हणजे बघ, घरात तुझ्या येण्याला दोघांची मतं मिळाली, बारक्याने बूट घातले, आणि राहिली ती मोठी.

मोठीसाठी काही सापडेना. माझ्या नाकी नऊ आले. तिचा मोजा आता माझ्या मोज्याएवढा झालाय, हवं ते मावेल, आणि मला त्यात घालायला काही मिळत नव्हतं. दुकानदारिणीने कुलपाची डायरी दाखवली. नको म्हटलं, ही पोरगी काही लिहून ठेवणाऱ्यातली नाही. नखांना लावायचा रंग घेतला आणि घरी येईपर्यंत माझा मलाच तो पोरकट वाटला. तिच्या बोटाचं माप घेऊन, सुई टोचू नये म्हणून घालतात ते अंगुस्तान आणलं, चांगलं पितळी, कारण ती काम शिकतेय. काय सुंदर शिकतेय, तू बघायला हवं होतंस! कडेची शिलाई माझ्यापेक्षा सरळ घालते. पण अंगुस्तान म्हणजे तिला कामालाच जुंपल्यासारखं झालं. चौदा वर्षांच्या पोरीला सणाला कामाची वस्तू कशाला? तेही ठेवून दिलं. शेवटी घरचा नियम मोडला आणि काल ती भाजी चिरत होती तेव्हा सरळ तिलाच विचारलं, तुला काय हवं गं? ती म्हणाली, मला काही नको आत्या. बाबा येणार आहेत ना, तेवढं पुरे.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पोरीचं मन केवढं मोठं आहे, एवढं सोसून बापाची वाट बघतेय. मी तर मनात हो म्हणून मोकळी झाले होते. वकिलाला फोन करणार होते. फोनकडे जाताना पाहिलं तर ती बैठकीच्या खोलीत खुर्च्या सरकवत होती. मला विचारलं, बाबा कुठे बसतील? मी म्हटलं, इथे बसू दे खिडकीपाशी, मोजे समोर दिसतील. ती म्हणाली, नको, इथे. आणि तिने खुर्ची अशी ठेवली की बसणाऱ्याची पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे येईल. मग स्वयंपाकघरात गेली, तिथून चालत आली, खुर्चीच्या मागे उभी राहिली, आणि खुर्ची जराशी डावीकडे घेतली. तोंडाने गाणं गुणगुणत होती. मी फोनपाशी गेलेच नाही.

कारण हातोडा मी मारलाच नव्हता, धाकट्या. जरा विचार केला असतास तर तुलाच कळलं असतं. माझी बोटं तू आधीच मोडली होतीस आणि मी श्वास घ्यायला धडपडत होते. मागच्या खोलीतून मोठी आली. ओरडली नाही, धावली नाही. खुंटीवरचा एक हातोडा हातात घेतला, तो हलका वाटला असावा, परत अडकवला, आणि दुसरा घेतला. पहिला घाव तुझ्या खांद्यावर बसला, तू पडलास, तिथेच सगळं थांबलं असतं. दुसरा तिने तू पडल्यावर मारला, डोक्यात. तिसऱ्यासाठी दोन्ही हातांनी उचलला होता तेव्हा मी सरपटत जाऊन तिचे पाय धरले. वर पाहिलं तर ती अगदी शांत होती. तो चेहरा मी आधी एकदा पाहिलाय. तू तिच्याच वयाचा होतास, दुपारी बाप झोपला होता, आणि तू कात्री घेऊन त्याच्या उशाशी उभा होतास. मी ती कात्री तुझ्या हातातून काढून घेतली आणि मला वाटलं, टळलं. पुढे तू काय झालास ते आपण दोघं जाणतो. तेव्हा हे उत्तर ऐक. तू येऊ नकोस. नाताळला नको, त्यानंतरही नको, मी बोलावेपर्यंत नको. तुझी तक्रार खुशाल ठेव, मी कोर्टात उभी राहून पुन्हा हेच सांगेन की मी मारला. तुला हे पत्र पोलिसांना दाखवता येईल, हेही मला कळतं, आणि तरी लिहितेय, कारण तुझ्यापासून तिला लपवून मला तिला वाचवता येणार नाही. तू त्या खुर्चीवर बसलास की ती तुला मारणार, आणि या वेळी मी पाय धरायला पोचणार नाही. तुझं काय व्हायचं ते होवो, पण ती चौदाव्या वर्षी खुनी होईल. सगळे म्हणतात, मोठी आईवर गेलीय. नाही रे. ती तुझ्यावर गेलीय. अजून तिला मागे वळवता येईल, मला तेवढा वेळ हवाय, आणि तो देणं फक्त तुझ्या हातात आहे.

तुझीच, दुसऱ्या कोणाची होणार,
ताई